‘ऑपरेशन ठरलं की देऊ’ असं म्हणू नका : एव्हीएम तपासणी निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

एव्हीएमच्या, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता झालेल्या, रुग्णांच्या तपासणीसाठीचा आपल्या मंडळाचा हा निधी मोजक्या माणसांच्या जिवावर उभा आहे. त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे काही मागायला तोंड नाही. पहिला संगणक स्वतःच्या पेन्शनमधून देणाऱ्या आपल्या मुख्याध्यापिका बाई. नाव छापायचं नाही या अटीवर दरवर्षी एका अँजिओग्राफीचा (रक्तवाहिन्यांची चित्रं काढणाऱ्या तपासणीचा) सगळा खर्च उचलणारं ते कुटुंब. ड्यूटी संपवून येऊन रुग्णांच्या अँजिओग्राफीच्या सीडी संगणकावर नीट उघडतात का हे तपासणारी एक्स-रे विभागातली मुलं. आणि आधी स्वतःच्या मुलासाठी मदत घेऊन नंतर तिच्या दुप्पट परत करणारे काका. या सगळ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

मागच्या आवाहनाला मात्र बहुतेकांनी एकच उत्तर दिलं : ‘ऑपरेशन ठरलं की सांगा, देऊ.’ खरं सांगतो, मनाला लागलं. कारण एव्हीएममध्ये काय करायचं, किंवा काहीच करायचं नाही, हे ठरवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं आणि पैसा नेमका तिथेच अडतो.

या विकारात धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांची जाळी नसते, नुसता गुंता असतो. त्यामुळे धमनीचा दाब थेट शिरेवर येतो. कधीही न फुटलेल्या गुंत्यातून रक्तस्रावाचा धोका वर्षाला साधारण १ ते २ टक्के, एकदा फुटलेल्यातून साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि फुटल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त. पंचविशीतल्या माणसाला हा धोका पुढची पन्नास वर्षं वागवायचा असतो, सत्तरीतल्याला तेवढा नाही. म्हणून तोच गुंता, पण सल्ला वेगळा.

डॉक्टर १९८६ सालच्या स्पेट्झलर-मार्टिन पद्धतीने गुण देतात. ३ सेंटिमीटरपेक्षा लहान गुंत्याला १, ३ ते ६ ला २, त्याहून मोठ्याला ३. बोलणं, हालचाल, दृष्टी अशा नाजूक भागात असेल तर आणखी १, रक्त खोल शिरांकडे जात असेल तर आणखी १. बेरीज १-२ आली तर सहसा शस्त्रक्रिया. ३ आली तर प्रत्येक रुग्णाचा वेगळा विचार. ४-५ आली तर बहुधा हात लावत नाहीत, पुन्हा पुन्हा रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी. लहान पण खोलवरच्या गुंत्याला गॅमा नाईफसारखे किरण देतात, पण तो बंद व्हायला २-३ वर्षं लागतात आणि तोवर धोका असतोच. तिसरा उपाय म्हणजे गुंत्यात ग्लू (चिकटद्रव) भरून तो बंद करणं. पण गुंता भरण्याआधीच ग्लू शिरेत उतरला तर रक्ताची बाहेर पडायची वाटच बंद होते आणि गुंता फुटू शकतो. अर्धवट भरून संरक्षण मिळतं असंही नाही.

न फुटलेल्या एव्हीएमवर उपचार करावेत की नाही हे रुग्णांवर पाहणाऱ्या ‘अरुबा’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सुमारे ३३ महिन्यांत मृत्यू किंवा पक्षाघात नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत १०.१ टक्के, गुंत्यावर उपचार केलेल्यांत ३०.७ टक्के. एवढा काळ अपुरा आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण घाई महागात पडते, एवढं त्यातून दिसलंच.

हे सगळं ठरतं डीएसए नावाच्या अँजिओग्राफीवर. धमनीत डाय (चित्रात दिसणारं औषध) सोडला की तो मेंदूतून फिरण्याआधीच शीर भरलेली दिसते, क्षणार्धात. छापील फिल्मवरच्या चार चित्रांत तो क्षण सापडत नाही, हलती चित्रं असलेली सीडीच लागते. रक्तस्रावानंतर गुठळीखाली गुंता दबून राहतो. पहिल्या अँजिओत तो अर्धा दिसतो, कधी दिसतच नाही. म्हणून काही आठवड्यांनी दुसरी करायची असते. घरचे लोक खर्चापायी हीच सोडून देतात. आम्हाला पैसे हवे आहेत ते या दुसऱ्या अँजिओसाठी, आणि शस्त्रक्रियेनंतर गुंत्याचा तुकडा मागे राहिला नाही ना, हे बघणाऱ्या अँजिओसाठी.

देणगी धनादेशाने किंवा मंडळाच्या खात्यात, ‘एव्हीएम तपासणी’ असा उल्लेख करून, पावती लगेच. दोन चांगले मॉनिटर हवेत, वापरलेले चालतील. अँजिओच्या दिवशी रुग्णासोबत थांबणारे चार स्वयंसेवक हवेत. नातेवाइकांनी सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी (फिटची व रक्त पातळ करणारी ठळक लिहून) आणावी. कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नये. देणग्या महिनाअखेरपर्यंत, कार्यालयात संध्याकाळी.

आपला नम्र,
सचिव