सुन्यास पत्र: मुंबईत दुपारी कुठे जेवायचं

मुलुंड
१४ जून

प्रिय सुन्या,

तुझ्या बदलीची बातमी मला तुझ्याकडून न कळता शेखरकडून कळली, त्याचा हिशोब भेटल्यावर करू. पण अबे, बॅलार्ड इस्टेट! लोक अंधेरी-पवईला आदळतात आणि तुला झाडांच्या सावलीतलं, दगडी इमारतींतलं ऑफिस मिळालं. माझ्या ऑफिसातून तुझ्याकडे चालत यायला पंधरा मिनिटंही लागणार नाहीत. वीस वर्षांनी पुन्हा दुपारी एका टेबलावर बसायचा योग आहे म्हणायचा.

तू विचारलंस, की मित्रांना घेऊन दुपारी निवांत बसून जेवता येईल अशा चार जागा सांग. सांगतो, पण 'निवांत' हा शब्द आधी खोडून टाक. नागपूरला बर्डीवर आपण एका कटिंगवर दोन-दोन तास काढायचो आणि मालक वरून पाण्याचे ग्लास पाठवायचा, ते इथे विसर. इथे एक वाजता जेवायला बसलास की तुझ्या खुर्चीच्या पाठीला हात टेकवून पुढचा माणूस उभा असतो. तो काही बोलत नाही, फक्त तुझ्या ताटातला भात किती उरलाय ते बघत असतो. म्हणून मुंबईत जेवायची जागा वेगळी आणि गप्पांची जागा वेगळी. हे एकदा मनाशी पक्कं केलंस की त्रास नाही. आणि माणसं चारच्या वर न्यायची नाहीत. आठ जण गेलात तर तीन टेबलांवर वाटले जाल आणि बिलाच्या वेळी एकमेकांना फोन करावे लागतील.

तुझं घर घाटकोपरला, म्हणजे माटुंगा वाटेतच. तिथूनच सुरुवात करू. लक्षात ठेव, मध्य रेल्वेवरचं माटुंगा, पश्चिमेचं माटुंगा रोड नव्हे. आणि स्लो लोकल पकड, फास्ट तिथे थांबत नाही. पूर्वेला उतरलास की स्टेशनलगतच्या मंडईच्या इमारतीत वरच्या मजल्यावर 'ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' आहे, १९४२ पासून. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. थोडक्यात आटोपायचं असेल तर ठरावीक ताट आहे, पण तू केळीच्या पानावरचं घे. लांबलचक टेबलं, शेजारी कोण येईल सांगता येत नाही. एकदा माझ्या डाव्या बाजूला एक वकीलसाहेब होते, काळा कोट मांडीवर घडी करून ठेवलेला, आणि उजवीकडे कॉलेजची पोरगी, तिसऱ्यांदा रसम मागणारी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पानावर पाणी शिंपडायचं, हाताने निपटायचं, तेवढ्यात भाज्या पडतातच. पुऱ्या गरम येतात. मग भात. भाताचं आळं नीट कर, कारण रसम पातळ असतं आणि पान सपाट. सांभाळलं नाहीस तर ओघळ थेट तुझ्या पँटवर. शेवटी दही-भात. वाढणारा बादली घेऊन फिरत असतो, त्याच्याशी नजर मिळव, हाक मारू नकोस. हाक मारणारे नवखे असतात, त्याला ते कळतं.

हे सगळं साधं शाकाहारी जेवण आहे, झणझणीत काही नाही. तू म्हणशील, सावजीचा तिखटजाळ रस्सा खाऊन वाढलेल्या माणसाला हे काय खायला घालतोस? खा एकदा. दुपारी असं जेवल्यावर चार वाजता ऑफिसात डुलकी लागत नाही, हाही एक गुण आहे. सोमवारी बंद असतं. जवळच किंग्ज सर्कलला 'कॅफे मद्रास' आहे, १९४० चं. तेही उत्तम, पण ते नाश्त्याचं ठिकाण, आणि शनिवार-रविवारी तिथली रांग पाहून तू माघारी फिरशील. पोट भरलं की गप्पांसाठी चालत फाइव्ह गार्डन्सला जायचं. बाक आहेत, मोठी झाडं आहेत, उठा म्हणणारं कुणी नाही.

आता तुझ्या ऑफिसच्या दारातलं. 'ब्रिटानिया अँड कंपनी'. तू नाव ऐकलं असशील, सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९२३ पासून तिथेच. फक्त दुपारी उघडं. उंच छत, रंगाचे पोपडे उडालेल्या भिंती, पोलंडहून आलेल्या जुन्या खुर्च्या. तिथला बेरी पुलाव हा खरोखर त्याच्या कीर्तीच्या लायकीचा आहे, आणि मी हे सहसा कुठल्या प्रसिद्ध पदार्थाबद्दल म्हणत नाही. केशरी भात, त्यावर तळलेला कांदा आणि काजू, खाली दडवलेलं मटण, आणि वर इराणहून आणलेली बारीक लाल आंबट फळं. मटणाच्या घासात ती एखादी दाताखाली आली की तोंड एकदम धुऊन निघाल्यासारखं होतं. मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचे, इंग्लंडच्या राणीच्या गोष्टी सांगायचे आणि लाइम सोडा घ्याच म्हणून गळ घालायचे. २०१९ मध्ये ते गेले. त्यानंतर तिथे जरा ओकंओकं वाटतं, पण पुलाव तोच आहे.

एकच सांगतो, ते स्वस्त नाही. पगार झाल्यावर जायची जागा आहे ती, रोजची नव्हे. दोघांत एक पुलाव आणि एक सल्ली बोटी (मटण, वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या) घ्या, वर कॅरमेल कस्टर्ड. पावणेबाराला जाऊन उभा राहा. साडेबारानंतर पर्यटकांचे जथे येतात आणि मग मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांचे कोपर तुझ्या ताटात.

इराण्यांकडे बसायचं असेल तर धोबी तलावचं 'कयानी' (१९०४) किंवा फोर्टातलं 'कॅफे मिलिटरी' (१९३३). मिलिटरीत खिमा-पाव आणि थंडगार बीअर मिळते, त्यामुळे शेखरला तेच आवडणार हे वेगळं सांगायला नको. शनिवारी दुपारी तीननंतर जा, गर्दी ओसरलेली असते आणि मुंबईतल्या मोजक्या जागांपैकी ही एक, जिथे जेवल्यावरही थोडं रेंगाळू देतात. कयानीत बन-मस्का आणि मावा केक. तिथे जेवायला नको, जेवून झाल्यावर जायचं.

माशांचं काय, हे तू विचारणारच. थांब जरा. आत्ता १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद आहे. या दिवसांत थाळीत दिसणारी सुरमई बहुधा बर्फातली असते. उगाच पैसे घालवू नकोस. खाडीच्या चिंबोऱ्या (म्हणजे खेकडे) आणि तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात, आणि मालवणी खानावळींत सोडे, सुकट, जवळा या सुक्या मासळीचे प्रकार पावसातच खाण्यासारखे. नारळी पौर्णिमेनंतर मात्र तुला दादरला नेतो. 'गोमंतक' आहे, 'सिंधुदुर्ग' आहे, यांत कुणाचं चांगलं यावर दादरकर आयुष्यभर भांडू शकतात. मी सिंधुदुर्गच्या बाजूचा. तुला आपल्याकडचा रोहू-कतला माहीत, काट्यांची धास्ती असणार. म्हणून पहिल्यांदा बोंबील घे. रव्यात कुरकुरीत तळलेला, आत लोण्यासारखा मऊ, मधला काटाही इतका नरम की अर्धा चावून जातोस. मग मांदेली, ती अख्खीच खायची. सुरमई शेवटी, तिला काय कुणीही खाईल. सोलकढी जेवणात घोट घोट घे आणि एक वाटी शेवटी भातावर. ती फिकट गुलाबी असावी. गडद गुलाबी दिसली की नारळात काटकसर झाली असं समज.

एक आतली गोष्ट. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण अर्धी मुंबई मासे खात नाही. त्या दिवशी याच जागी टेबल लगेच मिळतं आणि वाढणाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड असते. तू तसाही पाखंडी आहेस, फायदा घे.

दादरचंच शाकाहारी म्हणशील तर 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पीयूष, आणि शिवसेना भवनाजवळचं 'आस्वाद'. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. तर्री-पोह्यावर पोसलेल्या तुला ती मिसळ नुसती उसळ वाटेल आणि तू लंडनवाल्यांना शिव्या देशील, म्हणून आधीच सांगतो: तिथे मिसळ खाऊ नकोस, थालीपीठ-लोणी आणि डाळिंबी उसळ खा. नंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर. गप्पांना त्या कट्ट्यासारखी जागा सबंध मुंबईत नाही.

तुला लालबाग-परळलाही न्यायचं आहे, पण तिथे नाव घेऊन सांगावं असं एक दुकान नाही. तो भाग माझ्यासाठी वेगळ्याच कारणाने ओढीचा. आपल्याकडचं सावजी कुठून आलं आठव. हातमागावर बसणारे कोष्टी, १८७७ ची एम्प्रेस मिल, आणि दिवसभराच्या कामानंतर ज्वारीच्या भाकरीबरोबर तो जाळ रस्सा. इथे कापडगिरण्यांच्या या गिरणगावातही तसंच. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेला माणूस बायकापोरं गावी ठेवून दहा-दहा जणांच्या खोलीत राहायचा आणि महिन्याच्या हिशोबाने एखाद्या बाईकडे जेवायचा. त्या बाया आपल्याच खोलीत स्टोव्हवर वीस-वीस जणांचं रांधायच्या. पगार होईपर्यंत उधारी, म्हणजे किराणा सावकाराच्या पैशावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जेवणारेच राहिले नाहीत. आता त्या जागांवर मॉल आहेत. तरी दोन पोळ्या, उसळ, आमटी, भात, वर लोणच्याची फोड असं राइसप्लेट कुठल्या गल्लीत दिसलं की मी आत शिरतोच. अशी एखादी जागा आपणच हुडकू, पावसात छत्री घेऊन.

आणि टाळायचं काय तेही सांगतो. मागच्या दिवाळीत आमच्या साहेबांनी एका मॉलमधल्या 'अस्सल मराठी' हॉटेलात नेलं. दारात तुतारी, वाढणाऱ्या पोरींना नऊवारी, डोक्यावर फेटा बांधून फोटो. पितळी ताटात वीस वाट्या. पिठलं गोड. पिठलं, सुन्या! मी वाढणारीला विचारलं तर ती म्हणाली, 'सर, सगळ्यांना तिखट चालत नाही.' बिल बघून साहेबांचाच फेटा सैल झाला.

तर बेत असा. तू एक तारखेला रुजू होतोस, पहिला आठवडा कागदपत्रांतच जाईल. त्यानंतरच्या शनिवारी अकराला माटुंगा स्टेशनच्या तिकीट खिडकीशी. तू, मी, शेखर आणि बाळ्या, बस्स. बाळ्या वेळेवर येईल, शेखरला साडेदहाची वेळ सांग. हिशोब आधीच ठरवून टाकू, ज्याचं त्याने, कारण शेखरचं पाकीट अजूनही ऐन वेळी घरीच राहतं. ब्रिटानियाचं पुढच्या महिन्यात बघू, ते मात्र तुझ्याकडून. बदलीबरोबर बढती झाली आहे हेही शेखरनेच सांगितलं.

वहिनींना नमस्कार. त्यांना म्हणावं, सामान लागेपर्यंत रात्रीचं जेवण आमच्याकडेच, हे आमच्या घरातूनच ठरलं आहे, मला विचारलेलंही नाही.

तुझा,
विद्या

ता. क. येताना संत्रा बर्फी आण. आणि सावजी मसाल्याचं एक पाकीट, पण ते बॅगेत नीट बांधून. मागच्या वेळी तू आणलेल्या चादरीला अजून वास आहे.