कार्डाचा खर्च रोखीने देणाऱ्याच्या माथी

मा. संपादक,
स. न.

यूपीआयवर शुल्क लागणार, अशी आवई दर काही महिन्यांनी उठते आणि सोलापुरात नवी पेठेपासून चाटी गल्लीपर्यंत दुकानदार धास्तावतात. जून 2025 मध्येही तसेच झाले. शेवटी अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापले जाणारे शुल्क, घ्यायचा नाही, हा नियम 1 जानेवारी 2020 पासून आहे आणि तो राहायलाच हवा. पण क्रेडिट कार्डावर जे शुल्क आजही रोज कापले जाते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

मी आपल्या शहरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानांचे हिशेब लिहितो. गिऱ्हाइकाने 5,000 रुपयांचा माल घेऊन क्रेडिट कार्ड पुढे केले, की साधारण 2 टक्के म्हणजे 100 रुपये बँक कापते. त्या शंभरावर 18 टक्के जीएसटी. दुकानदाराच्या खात्यात 4,882 रुपये येतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या) छोट्या दुकानदाराला तो 18 रुपयांचा जीएसटीही परत मिळत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन असले, तरी शेजारच्याच फळीवर पानिपतचा स्वस्त माल असतो, त्यामुळे नफा मुळातच बेताचा. गिऱ्हाइकाकडून कार्डाचे वेगळे पैसे घ्यायला बँकेचा करार आडवा येतो. मग दुकानदार काय करतो? सगळ्याच मालाची किंमत थोडी चढवून ठेवतो.

ही चढलेली किंमत रोख मोजणारी विडी कामगार बाईही देते. रिवॉर्ड पॉइंट आणि विमानतळावरची फुकट लाउंज मात्र कार्डवाल्याला. हे पॉइंट बहुतांशी दुकानदाराकडून कापलेल्या पैशातून येतात. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

स्पर्धा वाढली की भाव उतरतात, असे आपण धरून चालतो. भाजी मंडईत ते खरेही आहे. कार्डाच्या बाजारात बँकांची चढाओढ असते ती कार्ड वापरणाऱ्याला ओढण्यासाठी, आणि त्याला जास्त पॉइंट द्यायचे तर दुकानदाराकडून जास्त घ्यावे लागते. म्हणजे स्पर्धेनेच शुल्क चढे राहते. शुल्क भरणारा एक आणि कार्ड निवडणारा दुसरा, असे असेल तिथे दुसरे काय होणार?

क्यूआर स्कॅन झाला म्हणजे फुकट, हेही आता पूर्ण खरे नाही. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरून 2,000 च्या वर रक्कम आली, की शुल्क लागते. अनेक दुकानदारांना हे महिनाअखेरीस खात्याचा उतारा पाहूनच कळते. पैसे आल्याचे बोलून सांगणाऱ्या डब्याचे भाडे वेगळेच.

यूपीआयमध्येही सुमारे 80 टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच अ‍ॅपवरून होतात. एका अ‍ॅपकडे 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने नोव्हेंबर 2020 मध्ये ठरवले. ते पाळण्याची मुदत वाढत वाढत 31 डिसेंबर 2026 वर आली आहे. उद्या यूपीआयवर शुल्क आलेच, तर दोघांच्याच हातात असलेल्या बाजारात दुकानदार घासाघीस कोणाशी करणार? म्हणून ही मुदत पुन्हा वाढवू नये.

आपल्या व्यापारी संघटनांनी एक काम आताच करावे. रोख किंवा साध्या यूपीआयने पैसे देणाऱ्याला किती सूट, हे दुकानात पाटी लावून उघड सांगावे. आज ही सूट ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच मिळते, आणि खेड्यावरून बाजाराला आलेल्या माणसाला मिळतच नाही. पाटी सगळ्यांना वाचता येईल अशी, मराठीत आणि तेलुगू व कन्नडमध्येही असावी.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर