सूचना : प्रसूती व पितृत्व रजेबाबत बैठक

नागपूरच्या मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयोतील (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) सर्व निवासी डॉक्टरांसाठी,

येत्या गुरुवारी दुपारी ४ वाजता, ओपीडी आटोपल्यावर, मेडिकलच्या निवासी वसतिगृहाच्या मेसमध्ये भेटायचे आहे. विषय फक्त रजा. जेआर-१ ने (पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांनी) तर यावेच. नियम पहिल्याच वर्षी माहीत असलेले बरे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आहे. प्रसूती व पितृत्व रजा शासकीय नियमांप्रमाणे. मंजुरीपेक्षा जास्त दिवस घेतले तर तेवढेच दिवस प्रशिक्षण लांबते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरीची अटही आहे, त्यामुळे परीक्षेचे गणित आधीच मांडा.

– अर्ज लेखीच द्या, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. "सर हो म्हणाले" याला कागदावर किंमत नाही.
– प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे प्रमाणपत्र सोबत जोडा.
– युनिटच्या ड्युटी रोस्टरवाल्यांना लवकर कळवा. आठव्या महिन्यात सलग नाइट लागल्या की मग धावाधाव होते.

पुरुष सहकाऱ्यांनीही यावे, हा फक्त मुलींचा विषय नाही. कॅज्युअल्टी ड्युटीवर असाल तर प्रश्न युनिटच्या प्रतिनिधीकडे लिहून द्या.

– प्रतिनिधी, निवासी डॉक्टर