तुम्ही ‘नाही’ म्हणालात, त्याबद्दल

आदरणीय काका,

फ्रेमचे पैसे तेव्हाच चुकते केले, पण आभार राहूनच गेले. तुमच्या लाजऱ्या स्वभावामुळे नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतीलच.

जुन्या मासिकांची चित्रमय मुखपृष्ठं घेऊन मी आले, तेव्हा तुम्ही आधी त्यातले धड अंक बाजूला काढले आणि म्हणालात, “हे मी कापणार नाही.” बांधणी निखळलेली, पानं हरवलेली तेवढीच मुखपृष्ठं कामाला घेतली. हातचं काम असं परत पाठवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मग भिंग निघालं. मूळ छपाईत रंगांच्या ठिपक्यांची जाळी कशी नीट फुलासारखी दिसते आणि छापील चित्रावरून पुन्हा छापलेल्या नकलेत जाळीवर जाळी चढून कसा गिचमिड गोंधळ होतो, ते तुम्ही मलाच बघायला लावलंत. माझं एक लाडकं मुखपृष्ठ तिथेच नक्कल ठरलं. वाईट वाटलं, पण विकणाऱ्यानं जे सांगितलं नव्हतं ते तुम्ही सांगितलंत.

‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकाचं, चित्रकार लायनडेकरचं चित्र नुसतं लाल-काळं का, बाकीचे रंग उडाले का, असं मी विचारलं होतं. 1926 मध्ये चौरंगी मुखपृष्ठं येईपर्यंत त्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठांवर मुख्यतः हेच दोन रंग असत, हे तुमच्याकडून कळलं. आता तेच चित्र मला सगळ्यांत देखणं वाटतं. दोन शाईंत रेशमाची चकाकी आणणं म्हणजे काय, ते त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं.

डिंक नाही, सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर नाहीच! लाकडाच्या लगद्याचा तो स्वस्त कागद आधीच आम्लानं पिवळा पडत असतो, म्हणून मागचा पुठ्ठा आणि माऊंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, दोन्ही आम्लमुक्त. गव्हाच्या खळीनं जपानी कागदाच्या दोन पट्ट्या फक्त वरच्या कडेला लावल्या, म्हणजे उद्या कुणाला सोडवायचं झालं तर पाण्यानं सुटेल. काच कागदाला टेकू नये म्हणून माऊंट जाड घेतलंत. गंजलेल्या पिनाही तुम्हीच काढल्या आणि त्याचं बिल लावलं नाही, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

खिडकीसमोरची भिंत मात्र तुम्ही साफ नाकारलीत. किरमिजी आणि पिवळी शाई उन्हात आधी उडते, मग चित्र निळसर उरतं, आणि अतिनील किरण अडवणारी काचही ते फक्त लांबवते, असं म्हणालात. म्हणून तिन्ही फ्रेमा आता आतल्या बोळात आहेत. आरसा हलवावा लागला, त्यावरून घरात अजून कुरबुर चालू आहे.

‘व्होग’ या फॅशन मासिकाचा तो फ्रेंच चित्रकार जॉर्ज लपापचं मुखपृष्ठ असलेला अंक संपूर्ण आहे, तेव्हा कापायचा प्रश्नच नाही. अख्खा अंक बसेल अशी पेटीसारखी फ्रेम करून द्याल का? किती खोल लागेल ते तेवढं कळवा.

तुमची,
बोळातल्या तीन फ्रेमांची मालकीण