दलदलीतून उगवलेलं जंगल

संपादक महोदय,

शब्द कुठून आले हे सांगणारं सदर आपण पुन्हा सुरू करा ही मनापासून विनंती, कारण त्यात खरंच खूप मजा असते. आता हेच बघा, रुमानियन भाषेत जंगलाला म्हणतात पदुरे, आणि ती लॅटिनची लेक, त्यामुळे मला वाटायचं की लॅटिनमधल्या जंगलाच्या सिल्वा या शब्दाशीच काहीतरी नातं असणार, पण नाही! तो आलाय पालुदेम पासून, म्हणजे चक्क दलदल. बोलताना ल आणि द ची अदलाबदल होऊन पादुलेम झालं, आपण नाही का नुकसानचं नुसकान करत, अगदी तसंच. मग दोन स्वरांमधल्या ल चा र झाला, जसं लॅटिन गुला म्हणजे घसा, त्याचं रुमानियनमध्ये गुरा म्हणजे तोंड झालं. इटलीत टस्कनीकडे पादुले म्हणजे अजूनही दलदलच, फुचेक्किओची पादुले प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या पाणथळ झाडीवरून अर्थ सरकला असावा असं मानतात, आणि मला ते पटतं. अल्बेनियनमधला जंगलासाठीचा प्यूल् पण याच लॅटिन शब्दातून आलाय!

– एक नियमित वाचक