कागद काढून दिल्याबद्दल

चि. खिडकीजवळच्या टेबलवरच्या मुलास,

अनेक आशीर्वाद. नाव लिहीत नाही, नाहीतर तू लाजून सोमवारी दांडी मारशील.

गुरुवारी ऑफिसात तू हातातला चहा तसाच ठेवून माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास, त्याबद्दल हे पत्र. समोर बोलायला गेले असते तर रडू आलं असतं.

मी 1996 ची आयटीआय, ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे घरांचे नकाशे काढणारी. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडनं खरवडायची आणि कागदाला भोक पडू द्यायचं नाही, हे आमचं कसब. पाच वर्षं ते केलं. मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण. परत कामावर यायचं ठरवलं तोवर ऑफिसातून नकाशे काढायचे बोर्डच गेले होते. म्हणून ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा, क्लास लावला. फी आगाऊ, शिकवणं जमेल तसं. सरांचा स्क्रीन आधीच लावून ठेवलेला असायचा, तो कसा लावला हे कुणी विचारायचं नाही. आम्ही आपलं "इथे क्लिक, तिथे क्लिक" वहीत उतरवायचो. माझा कर्सर तर टुणटुण उड्या मारायचा, हवा तिथे थांबायचाच नाही. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, या वयात हात थरथरणारच." तीन आठवडे रात्री मी हात समोर धरून बघत होते रे. तू नुसतं एफ नाईन दाबलंस. "काकू, स्नॅप चालू राहिलाय." म्हणजे कर्सर ठरावीक अंतरांवरच थांबत होता. उड्या बंद! हे त्या माणसाला ठाऊक नसेल? की बघायचेच कष्ट नकोत?

तरी एफ नाईनचं मी एक दिवस विसरेन. कागदाचं नाही विसरणार.

मी विचारलं होतं, "पण यात कागद कुठंय?" हाच प्रश्न क्लासमध्ये विचारला तेव्हा पोरं हसली होती. तू हसला नाहीस. जरा विचार केलास, काळा पडदा पांढरा केलास, मापं मिलिमीटरमध्ये आहेत ना ते पाहिलंस, आणि एक आयत काढलास. 42000 बाय 29700. "हा तुमचा ए-थ्री, काकू. 420 बाय 297, शंभरपट केला." उजव्या कोपऱ्यात खाली नावाची चौकटसुद्धा आखलीस, आम्ही आखायचो तशी. मग गप्प उभा राहिलास. मला कळायला वेळ लागतोय हे दिसत असूनही गप्प राहिलास, ते मला फार लागलं, चांगल्या अर्थानं. आणि एकदम उजेड पडला. जन्मभर मी घर शंभरपट लहान करून कागदावर बसवलं, इथे घर आहे तेवढंच राहतं आणि कागद बेचाळीस मीटरचा होतो! मी 3600 मिलिमीटरची रेघ मारली की ती पडद्याबाहेर पळायची, ती त्या चौकटीत शहाण्यासारखी बसली. "लेआउट, व्ह्यूपोर्ट सावकाश बघू," म्हणालास, म्हणजे छापायचा कागद मांडायची पुढची पद्धत. बरं केलंस. भिंती, दारं, मापं अशा लेयर मात्र लगेच कळल्या, एकावर एक ठेवलेली ट्रेसिंगच ती.

माझ्या पहिल्या ऑफिसात नव्या माणसाला हेड ड्राफ्ट्समन स्वतः बोर्डावर कागद ताणून बसवून द्यायचे, चारी कोपऱ्यांना टेप लावून. मग म्हणायचे, आता चुका. तशी माणसं संपली असं मी घरी दहादा बोलून दाखवलं असेल. शब्द मागे घेते. आपल्याला येतं आणि समोरच्याला येत नाही, एवढ्यावर कित्येकांची छाती फुगते. तुझा तर चहा गार झाला.

टेम्प्लेट म्हणून ती फाइल ठेवलीस आणि नाव दिलंस "काकूबोर्ड". साहेबांनी परवा विचारलं, हे काय प्रकरण आहे? तू खाली मान घालून माउस पुसत बसलास. नाव मी बदललेलं नाही, बदलणारही नाही. रोज सकाळी तीच उघडते.

माळ्यावरून माझा मिनी ड्राफ्टर, बोर्डाला लावून सरळ रेघा मारायचं ते अवजार, काढलाय. स्क्रू गंजलेत, पण पट्ट्या अजून काटकोनात आहेत. तुला बघायचा होता ना? सोमवारी डब्याबरोबर आणते.

तुझी,
काकू