माझ्या तहानेला घाईने उत्तर न देणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवले असते, तर तुम्ही ते वाचून, घडी घालून बायबलमध्ये ठेवले असते आणि पुढच्या भेटीत "सगळा महिमा देवाचा" एवढेच म्हणून विषय बदलला असता. म्हणून ते सर्वांसमोर लिहीत आहे. आणखी एक कारण आहे. ज्या प्रश्नात तुम्ही माझ्यासोबत बसलात, तो प्रश्न मनात घेऊन उपासनेला येणारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात आणि ती बहुधा बोलत नाहीत. देव आहे, तो चांगला आहे, ख्रिस्ताने आपल्यासाठी प्राण दिला, यांपैकी कशावरही त्यांचा अविश्वास नसतो. परंतु ज्याच्यावर विश्वास ठेवला तो जवळ आहे असे एके काळी वाटत होते आणि आता वाटत नाही, हे कोणाला सांगावे ते त्यांना कळत नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पत्र पडले, तर तुम्ही माझ्यासाठी जे केले त्याचा थोडा उपयोग त्यांनाही होईल.

माझी त्या वेळची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरून काहीच बदलले नव्हते. गीते गात होते, वचन वाचत होते, प्रार्थनासभेत माझी पाळी आली की प्रार्थनाही करत होते. पण पूर्वी "हे पित्या" म्हणताच कोणी ऐकत आहे ही जी जाणीव सहज होत असे, ती कोणतेही ठळक कारण न घडता नाहीशी झाली होती. ज्यांच्याजवळ हे बोलले त्यांनी मनापासून सल्ले दिले: उपवास कर, अंतःकरणात एखादे लपलेले पाप आहे का ते तपास, विश्वास वाढव. त्या सल्ल्यांत वाईट काही नव्हते आणि मी ते पाळलेही. तरीही एक गोष्ट मला खुपत राहिली. आपल्या साक्षींमध्ये बहुतेक वेळा पूर्ण झालेली गोष्टच सांगितली जाते. अंधार होता आणि मग प्रकाश आला, असे सांगणाऱ्याला व्यासपीठ मिळते, पण जो अजून अंधारातच उभा राहून हाक मारतो आहे, त्याला आपण तो बाहेर येईपर्यंत थांबायला सांगतो. बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकाने, स्तोत्रसंहितेने, असे कधी केलेले नाही, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळले.

तुम्ही पहिल्यांदा मला काहीही समजावून सांगितले नाही. माझे सगळे ऐकून घेतलेत आणि विचारलेत, "हे तू मला सांगितलंस, अमक्याला सांगितलंस. देवाला सांगितलंस का?" मी गप्प बसले, तेव्हा तुम्ही ४२वे स्तोत्र उघडलेत आणि माझ्या हातात पेन्सिल दिलीत. प्रत्येक वचनाच्या कडेला, इथे स्तोत्रकर्ता कोणाशी बोलतो आहे, एवढेच लिहायचे होते. पाण्यासाठी लुलपणाऱ्या हरिणीचे ते पहिले वचन मी लहानपणापासून गात आले होते. पण त्याच्या कडेला "देवाशी" असे लिहिताना प्रथमच लक्षात आले की ज्याचे सान्निध्य जाणवत नाही, त्यालाच उद्देशून हा माणूस तशी तक्रार करतो आहे. पुढच्या वचनात तो देवाविषयी बोलतो, मग स्वतःच्या जिवाला जाब विचारतो, पुन्हा देवाकडे वळतो. कागदाच्या कडेला "देवाशी", "स्वतःशी", "देवाशी" अशा खुणा खाली उतरत गेल्या, आणि आतल्या आत तळमळणारा जीव कसा बोलतो हे मी माझ्याच हस्ताक्षरात वाचत होते.

त्या स्तोत्रातले पाणी तुम्ही दाखवलेत, तेही मी विसरलेले नाही. आरंभी जीव पाण्यासाठी कासावीस आहे; मध्ये रात्रंदिवस आसवे हेच त्याचे अन्न झाले आहे; आणि यार्देन व हर्मोनच्या प्रदेशात, मंदिरापासून दूर, त्याच्यावरून लाटा आणि कल्लोळ जात आहेत. पाणी सगळीकडे आहे, मात्र ज्याची तहान आहे ते नाही. आणि ज्या लाटांनी तो गुदमरतो आहे, त्यांनाही तो देवाला उद्देशून "तुझ्या लाटा" असेच म्हणतो. "माझ्या जिवा, तू खिन्न का झालास, देवाची आशा धर" या अर्थाचे पालुपद ४२व्या स्तोत्रात दोनदा आणि ४३व्यात एकदा येते. अनेक जुन्या हिब्रू हस्तलिखितांत ही दोन्ही मिळून एकच स्तोत्र आहे. तिसऱ्यांदा ते म्हणून झाल्यावर काय घडले, असे मी उत्सुकतेने विचारले होते. तुम्ही म्हणालात, "काही नाही. स्तोत्र तिथंच संपतं." माणूस मंदिरात पोहोचल्याचे तिथे लिहिलेले नाही. तो अजून वाटेवरच आहे, अजून स्वतःला आशा धरायला सांगतो आहे, आणि मंडळीने हजारो वर्षे हेच शब्द उपासनेत म्हटले आहेत.

नंतर एकदा आपण ८८वे स्तोत्र वाचले. मला वाटते, याबद्दलचे माझे ऋण सर्वांत मोठे आहे. हेमान एज्राहीचे ते स्तोत्र अंधारावर संपते. शेवटी ना स्तुती, ना सुटका. कोणीही दुसरा असता, तर त्याने लगेच पान उलटून एखादे दिलाशाचे वचन वाचले असते. तुम्ही तसे केले नाही. तुम्ही पुस्तक मिटले आणि आपण बराच वेळ काही न बोलता बसलो. मग तुम्ही एवढेच दाखवलेत की या माणसाने रात्रंदिवस, दररोज आणि सकाळी हाक मारल्याचे त्या एकाच स्तोत्रात तीनदा सांगितले आहे, आणि ज्याच्याकडून उत्तर येत नाही, त्याला पहिल्याच वचनात तो आपल्या तारणाचा देव म्हणतो. देवाने ही प्रार्थना आपल्या वचनात राहू दिली, तर तिचा उच्चार करणाऱ्याला तो आपल्या घरातही राहू देतो, हे तुमचे वाक्य मी अनेकांना सांगितले आहे.

परंतु माझ्या मनाची गाठ खऱ्या अर्थाने सुटली ती बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायाने. तोवर मी असे धरून चालले होते की ओढ लागणे म्हणजे अंतर पडणे. देव जवळ असता तर इतकी तळमळ झालीच नसती. तुम्ही मला तो अध्याय सावकाश वाचायला लावलात. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केल्याचा प्रसंग नुकताच घडला आहे. देव त्यांचा पुढारी मोशे याला सांगतो की वचन दिलेला देश मिळेल, दूत पुढे जाईल, शत्रू घालवले जातील, दूधमधाचे प्रवाह असतील; मात्र मी तुमच्यामध्ये चालणार नाही. म्हणजे मागितलेले सर्व काही मिळणार होते, फक्त देणारा सोबत असणार नव्हता. आणि मोशे म्हणतो की तू स्वतः येणार नसशील, तर आम्हाला येथून पुढे नेऊच नको. देवापासून मिळणाऱ्या गोष्टी आणि स्वतः देव यांतला फरक इतक्या उघडपणे मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. त्या रानात, जिथे त्यांच्याजवळ तंबूंपलीकडे काही नव्हते, तो मनुष्य देवाविना सुपीक देश नाकारतो. माझ्या कोरड्या प्रार्थनांमध्ये मीसुद्धा, स्वतःला न कळत, हेच मागत होते असे तुम्ही म्हणालात, आणि मला रडू आले.

त्याच अध्यायातली दुसरी गोष्ट तर मी कितीदा वाचूनही पाहिली नव्हती. दर्शनमंडपात, म्हणजे देवाला भेटण्याच्या तंबूत, परमेश्वर मोशेशी मित्राशी बोलावे तसा समोरासमोर बोलत असे, असे अकराव्या वचनात आहे. आणि अठराव्या वचनात हाच मोशे विनवतो की मला तुझे तेज दाखव. ज्याला एवढे सान्निध्य लाभले होते, तोच आणखी मागतो. देव त्याला रागावत नाही. तो त्याला खडकाच्या भेगेत ठेवतो, जवळून जाताना आपल्या हाताने झाकतो आणि मागून पाहू देतो. म्हणजे ज्या क्षणी मोशेला काहीच दिसत नव्हते, त्या क्षणी देवाचा हात त्याच्यावर होता. जो देवाच्या जवळ गेला आहे, त्याचीच तहान वाढते, हे मी तेव्हापासून धरून आहे; आणि "माझ्यात काय उणे आहे" हा दिवसरात्र छळणारा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुरता मिटला.

तुम्ही मला एक भेदही शिकवलात, ज्याची गरज प्रत्येक विश्वासणाऱ्याला कधी ना कधी पडते. १३९वे स्तोत्र सांगते तसे देवापासून दूर जाण्याला जागाच नाही. हे त्याचे सर्वत्र असणे. ख्रिस्ताने शिष्यांना अनाथ सोडणार नाही असे सांगून पवित्र आत्म्याचे अभिवचन दिले. हे त्याचे आपल्यामध्ये वसणे. आणि त्याची जाणीव होणे ही तिसरी गोष्ट. तिसरी ओसरली म्हणजे पहिल्या दोन संपल्या असे नव्हे. वधस्तंभावर स्वतः प्रभूने २२व्या स्तोत्राच्या शब्दांत "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" असा आक्रोश केला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यानंतर थोड्याच वेळात मंदिरातला, अतिपवित्र स्थान वेगळे करणारा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. देवाच्या सान्निध्याची वाट सर्वांसाठी खुली झाली, ती नेमकी त्या घटकेला.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, प्रसिद्ध झाली आणि त्यांनी जवळजवळ अर्धे शतक आतला अंधार सोसला हे जगाला कळले. मी मोठ्या आवेशाने तुम्हाला ते सांगितले, तेव्हा तुम्ही मला सावधही केलेत. अंधार हे मोठेपणाचे पदक मानू नकोस, म्हणालात. त्या थोर होत्या त्या रोज उठून प्रार्थनेला आणि गरिबांकडे गेल्या म्हणून. म्हणूनच तुम्ही मला साध्या गोष्टींना जुंपलेत: सकाळी एक स्तोत्र मोठ्याने म्हणायचे, मन लागो वा न लागो, प्रभुभोजन चुकवायचे नाही, आजारी असलेल्या एका बहिणीकडे दर आठवड्याला जाऊन तिला शास्त्र वाचून दाखवायचे. तिच्या खाटेजवळ वाचताना मला कधी काही जाणवले, कधी नाही. पण येशूच्या पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाकडे निघालेले त्याचे ते दोन शिष्यही सुमारे ११ किलोमीटरच्या त्या वाटेवर प्रभूसोबत चालले आणि त्याला ओळखले मात्र भाकर मोडताना. वाटेत अंतःकरण पेटत होते हे त्यांना मागाहून उमगले. माझ्या त्या काळाकडे पाहताना मलाही आता असे काही दिसते, पण त्याबद्दल घाईने मोठे बोलण्याची मला इच्छा नाही.

एका बाबतीत माझे मत तुमच्याहून थोडे वेगळे आहे आणि ते सांगण्याचे धैर्यही तुम्हीच दिले आहे. जाणिवेची फार पर्वा करू नये, असा तुमचा कल आहे. मला मात्र वाटते की १६व्या स्तोत्रात देवाच्या सान्निध्यात पूर्णानंद आहे असे म्हटले आहे, तर तो आनंद मागत राहणे हा विश्वासाचाच भाग आहे. भावनेवर विश्वासाचा पाया घालू नये हे मान्य. पण लेकराने आईबापांच्या घरात असूनही त्यांचा चेहरा पाहायला मिळावा असे म्हणणे, यात गैर काय? म्हणून मी मागते. काही सकाळी मिळते. पुष्कळदा मिळत नाही, आणि तेव्हा मी ४२वे स्तोत्र म्हणते.

मावशी, तुमच्या वेळेबद्दल, शांततेबद्दल, माझ्या बायबलच्या कडांवर मला लिहू दिलेत त्याबद्दल, आणि माझ्यात दोष शोधत न बसता माझ्यासोबत वाचत बसलात त्याबद्दल मी तुमची मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या मंडळीतली एक तरुण मुलगी अलीकडे माझ्याकडे येऊ लागली आहे. तिचेही दुखणे तेच आहे आणि पुढच्या आठवड्यात आम्ही ८८वे स्तोत्र वाचणार आहोत. ते संपल्यावर लगेच पान न उलटण्याइतका धीर मला असावा, यासाठी कृपया प्रार्थना करा. आणि प्रकृती साथ देईल तेव्हा एकदा आमच्यासोबत येऊन बसा. तिला तुम्हाला भेटायचे आहे.

प्रभूमध्ये तुमची,
मंडळीतील एक बहीण